डाग काढून मिळतील

माणसाचा चेहरा हा त्याच्या अंतरंगाचा आरसा असतो. हे सनातन सत्य एका फोटो स्टुडिओच्या भिंतीवर, गिऱ्हाइकाने बसायच्या स्टुलाच्या बरोबर समोर, ठळक अक्षरांत लावलेलं होतं. त्याच्याच खाली दुसरी पाटी होती : ‘डाग, व्रण, चामखीळ काढून मिळतील.’ पहिली पाटी मालकाच्या वडिलांनी लावली होती. धंदा दुसरीवर चालायचा.

मालक म्हणजे फोटोवाला. वय पन्नाशीकडे कललेलं, पाठ कॅमेऱ्याकडे कललेली. पासपोर्ट, परवाने, शाळेची ओळखपत्रं, लग्नाळूंचे फोटो, बस्स. हात असा बसलेला की समोरचा माणूस स्टुलावर टेकायच्या आत त्याचा मस कुठल्या गालावर आहे हे याने हेरलेलं असायचं. आणि एक नियम होता. साफ केलेला फोटो तयार झाला की मूळ फोटो तिथल्या तिथे पुसून टाकायचा. मागे एका बाईंनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी पाहिले होते आणि “म्हणजे मी खरी ही?” असं म्हणून त्याच स्टुलावर बसून रडल्या होत्या. मूळ शिल्लक राहिलं की माणूस ताडून बघतो, आणि ताडून बघणारा माणूस सुखी होत नाही, हे फोटोवाल्याच्या आयुष्याचं सार होतं.

स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर घर. घरात तो, बायको आणि सासरे. बायकोच्या नाकावर लहानपणापासून बारीक तपकिरी ठिपके, जणू कुणी चाळणीतून दालचिनीची पूड पाडलीय. तिला त्यांचं काही नव्हतं. सासरे तिला जन्मापासून ‘ठिपके’ अशीच हाक मारत. “ठिपके, चहा.” “ठिपके, माझा चष्मा.” तिचं खरं नाव कागदपत्रांपुरतं उरलं होतं.

सासऱ्यांनी आयुष्यभर पाणीखात्यात मीटर तपासले. घरोघरी जाऊन, वाकून, बॅटरी मारून. त्यामुळे दोन गोष्टी त्यांच्या अंगी मुरल्या होत्या : पाठदुखी आणि संशय. निवृत्तीनंतर पाठ घेऊन ते गच्चीत बसू लागले आणि संशय घेऊन कुंड्या राखू लागले. वसंतात येणाऱ्या एका पिवळ्या कंदफुलाचा त्यांना नाद लागला. दोन वेगळ्या रोपांचा पराग बारीक कुंचल्याने इकडचा तिकडे करायचा, बी धरायचं, पेरायचं आणि वाट बघायची. या जातीत बी पेरल्यापासून पहिलं फूल यायला इतकी वर्षं लागतात की तेवढ्यात माणसाचं पोर पाढे म्हणायला लागतं. सासऱ्यांनी वाट पाहिली. पुष्कळ कंदांना काहीच आलं नाही, काहींना बाजारात मिळतं तसलंच आलं. आणि या वसंतात एका कुंडीत, एका कंदाला, एक फूल आलं.

सासऱ्यांनी ते चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. मग त्यांनी गच्चीच्या दाराला कुलूप लावलं.

“जावईबापू,” ते जिन्याच्या तोंडाशी उभं राहून म्हणाले, “वर या. कॅमेरा घेऊन या. आणि तोंड खालीच ठेवून या.”

भानगड अशी होती. शहरात एक पुष्पप्रेमी मंडळ होतं. कुणी नवी जात केली तर मंडळ ती त्याच्या नावावर नोंदवून घ्यायचं, त्याने सुचवलेल्या नावाने ती पुस्तिकेत छापायचं, आणि मग ते नाव कायमचं. त्यासाठी मोहोरबंद पाकिटात लेखी वर्णन द्यायचं आणि सोबत एक रंगीत छायाचित्र, ‘ज्यात फुलाचा रंग व तपशील स्पष्ट दिसतील असे’. वर्णनाचं पाकीट सासऱ्यांनी स्वतः, दार लावून, लिहून आधीच धाडलं होतं. फोटो बाकी होता. मुदत फुलाच्या आयुष्याएवढीच होती, म्हणजे जेमतेम.

आणि पुढच्या वसंतावर भिस्त ठेवायची सोय नव्हती. डॉक्टरांनी सासऱ्यांचं हृदय तपासून सांगितलं होतं : जिना चढायचा नाही, संतापायचं नाही आणि लांबचे बेत करायचे नाहीत. पहिल्या दोन सूचना सासऱ्यांनी उडवून लावल्या. तिसरी त्यांना लागली.

“या फुलात नवीन काय आहे, बाबा?” फोटोवाल्याने सरळ विचारलं.

“तुम्हाला कशाला पाहिजे?”

“फोटो काढायचाय ना. काय दाखवायचं ते कळायला नको?”

“सगळं दाखवा. उद्या तुम्ही खाली कुणापाशी बोलाल, तो मंडळाच्या चिटणिसाला सांगेल, चिटणीस स्वतःच्या कुंडीत लावेल. त्या माणसाच्या घरचा मीटर मी तपासलाय. मला माहितीय तो काय आहे.”

“अहो, एवढा माझ्यावर विश्वास नाही?”

“मुलगी दिली ना? आणखी किती विश्वास ठेवू?”

फोटोवाल्याने पहिला फोटो भर दुपारी काढला. ऊन झकास होतं. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फुलाच्या जागी एक पिवळा धब्बा उमटला. पाकळी नाही, चुणी नाही, कड नाही.

सासऱ्यांनी चष्मा पुसून पाहिलं. “हे काय? मी फूल वाढवलंय. अंड्याचा बलक नाही.”

मग त्याने कुंडी दोन्ही हातांनी पोटाशी धरून, एकेक पायरी चाचपत, खाली स्टुडिओत आणली. स्टुलावर ठेवली. फ्लॅश मारला. फूल चकचकीत प्लास्टिकचं आलं, दुकानाच्या काउंटरवर धूळ खात असतं तसलं. त्याने उजेड कमी केला. फूल काविळीचा रोगी दिसू लागलं. आणखी कमी केला, तर त्यावर हिरवट छटा आली आणि सासरे म्हणाले, “आता बसवा त्याला पासपोर्टला.”

पिवळ्याचं दुखणं असं असतं. कॅमेऱ्याच्या पोटात तीन पेले आहेत असं समजा : लाल, हिरवा, निळा. माणसाच्या चेहऱ्याला तिन्ही थोडेथोडे भरतात. पिवळं फूल समोर आलं की लाल आणि हिरवा काठोकाठ भरून सांडतात आणि निळा कोरडा राहतो. सांडलेल्या पाण्यावर लाटा मोजता येत नाहीत. पाकळीवरच्या शिरा, चुण्या, सावल्या सगळं त्या पुरात वाहून जातं. वर कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर छातीठोकपणे सांगत असतो, सगळं ठीक आहे.

हे त्याने सासऱ्यांना समजावलं.

“म्हणजे मीटर खोटं दाखवतो,” सासरे म्हणाले.

“तसंच.”

“आणि हे तुम्ही मला सांगताय?”

दुसऱ्या दिवशी फुलाची एक पाकळी कडेला किंचित दुमडली.  खाली दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती, त्यांना त्याने “साहेब बाहेर गेलेत” असं स्वतःच सांगून परत पाठवलं. काळं कापड मागे लावून पाहिलं, राखाडी लावून पाहिलं. खिडकीत पाहिलं, दाराआड पाहिलं, मोरीत पाहिलं, शेवटी कुंडी परत गच्चीत नेऊन पाहिलं. पिवळं ते पिवळंच, सपाट, मठ्ठ. इतकी वर्षं त्याने हजारो चेहरे सपाट करून दिले होते आणि आता एक फूल आपणहून सपाट येत होतं तर ते त्याला चालत नव्हतं.

“ताजं ठेवायला थोडं पाणी घालू का?” त्याने विचारलं.

सासरे खुर्चीतून अर्धे उठले. “खबरदार! कंद आहे तो. जास्त पाण्यानं कुजतो. तुम्ही तुमचं बटण दाबा.”

बायको कपडे वाळत घालायला आली आणि नवऱ्याला गच्चीत पालथा पडलेला पाहून थांबली. “काय झालं? पडलात?”

“नाही. पडून घेतलंय.”

तिने फुलाकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं, हातातल्या ओल्या चादरीकडे पाहिलं. मग तिने पांढरी चादर दोन्ही हातांनी वर ताणून फुलावर धरली. ऊन गाळून खाली आलं. मऊ, दुधट. फोटोवाल्याने पडद्यात पाहिलं आणि त्याला पहिल्यांदा एका पाकळीची कड दुसऱ्या पाकळीवर पडलेली दिसली.

“हलू नकोस!”

“माझे हात दुखतायत.”

“दुखू देत!”

“ठिपके, हलू नकोस गं,” सासरेही म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा काही आला की तिने तोंड उघडलं ते मिटून घेतलं.

तेवढ्यात वारा सुटला. फूल डोलायला लागलं. फोटोवाल्याने श्वास धरला, जणू त्यानेच वारा थांबणार होता. उजेड मीटर सांगतो त्याहून दोन पायऱ्या खाली उतरवला. एक ढग आला, चादरीवरचा उजेड आणखी निवला, वारा क्षणभर पडला आणि बटण दाबलं गेलं.

तो फोटो आला. पाकळीतली शीर न् शीर आली. फुलाच्या मधल्या पेल्यासारख्या भागाची झालर, तिची बारीक दातरी कड, पाकळीच्या पाठीवरून कडेपर्यंत गडद होत जाणारा पिवळा, सगळं. बोट लावलं तर परागाची पूड लागेल असा फोटो. फोटोवाल्याच्या हातून इतकं चांगलं काम कधी झालं नव्हतं, आणि ते त्याला कळतही होतं.

“सगळं आलं?” सासऱ्यांनी विचारलं. कॅमेऱ्याच्या एवढ्याशा पडद्यावर त्यांना काही दिसत नव्हतं.

“सगळं.”

“सगळं म्हणजे सगळं?”

“बाबा, शपथ.”

सासऱ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. खुर्ची पुढे सरकवली. “जरा जवळ या. आता सांगतो. त्या फुलात—”

“काय हो, वर काय एवढी गडबड?” खालून, रस्त्यावरून आवाज आला. मंडळाचा चिटणीस, हातात पिशवी, मान वर. “बाग फुलली की काय?”

सासऱ्यांनी तोंड मिटलं. “धुणं वाळत घालतोय,” ते ओरडले, आणि जावयाला हलक्या आवाजात म्हणाले, “जा. पाठवा तो फोटो. आजच पाठवा. उद्या मुदत संपते.”

फोटोवाला खाली आला. कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर फोटो उघडला आणि खुर्चीत मागे रेलून पाहत राहिला. मग पुढे वाकला.

फुलाच्या मधोमध, पेल्याच्या आतल्या अंगाला, तपकिरी ठिपके होते. बारीक, विखुरलेले. प्रत्यक्ष फुलात डोळा लावून पाहिल्याशिवाय दिसले नसते. आता उजेड बरोबर पडला म्हणून दिसत होते.

फोटोवाल्याला सासऱ्यांची कीव आली. एवढी वर्षं वाट पाहिली, एक फूल आलं, त्यावरही डाग. उन्हाने पडले असतील, नाहीतर कीड. म्हातारा मोठ्या आशेने बसलाय. ही नोंद म्हणजे त्याचं शेवटचं मागणं. आणि ती मंडळाची माणसं, पहिल्या नजरेत डाग बघणारी.

त्याने साफ केले. एकेक करून, अगदी हलक्या हाताने, शिरा मोडू न देता. इतक्या मायेने त्याने आजवर कुणाचा मस काढला नव्हता. फूल निर्मळ झालं, नवऱ्या मुलीसारखं. त्याने ते मंडळाला पाठवलं, पोहोचल्याचा निरोप आला, आणि मग हाताला लागलेल्या सवयीने मूळ फोटो पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी एका शाळेचा अख्खा वर्ग ओळखपत्रांसाठी आला. तो त्याने कॅमेऱ्यातल्या त्याच कार्डावर टिपला.

दुपारी त्याने पिवळ्या फुलाचा मोठा फोटो छापला, चौकटीत घातला आणि वर नेला. सासऱ्यांनी तो मांडीवर घेतला. चष्मा लावला. मग चष्म्यावर भिंग धरलं. भिंग बराच वेळ एकाच जागी फिरत राहिलं.

“ठिपके कुठे?” ते म्हणाले.

“स्वयंपाकघरात आहे. हाक मारू?”

“ती नाही. ठिपके. फुलातले.”

“ते होय!” फोटोवाला हसला. “बाबा, ते मी काढून टाकले. कळणारसुद्धा नाही कुणाला.”

सासऱ्यांनी भिंग खाली ठेवलं. ते संतापले असते तर बरं झालं असतं. डॉक्टरांनी मना केलेलं असूनही.

“पिवळं तर बाजारात ढिगानं मिळतं, जावईबापू,” ते शांतपणे म्हणाले. “या जातीत ठिपके नसतात. कुणाच्याच फुलात नसतात. ते आणायला मला एवढी वर्षं लागली.”

 बायको ओले हात पदराला पुसत दारात आली होती.

“नाव काय दिलं होतंत, बाबा?” तिने विचारलं.

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग मान भिंतीकडे वळवली. भिंतीवर तिच्या लग्नातला फोटो होता, नवऱ्यानेच काढलेला. गोरंपान, नितळ, संगमरवरी नाक.

“तिथलेही तुम्हीच काढले होते,” सासरे म्हणाले. “तेव्हा नवे जावई होतात. म्हटलं, पहिल्याच दिवशी कशाला बोला.”

त्यानंतरची दुपार फोटोवाल्याने कशी काढली ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. कार्ड घेऊन तो दुरुस्तीवाल्याकडे पळाला. दुरुस्तीवाल्याने कार्डातून नाना खटपटी करून काहीतरी वर काढलं, ते एका विद्यार्थ्याचा अर्धा कान निघालं. तो परत आला तो थेट गच्चीत. फूल मान टाकून बसलं होतं. पाकळ्या कागदासारख्या, कडा करपलेल्या. तरी त्याने बायकोला हाक मारली, तिने चादर धरली, त्याने फोटो काढला. पडद्यावर आता ठिपकेच ठिपके होते. मूळचे कुठले आणि मरणाचे कुठले, हे त्या फुलालाही सांगता आलं नसतं.

“बाबा, मी हाताने काढतो,” तो खुर्चीपाशी गुडघ्यावर बसत म्हणाला. “पडद्यावर. साफ केलेल्या फोटोत परत घालतो. तुम्ही फक्त सांगा, कुठे कुठे होते. मुदत संध्याकाळपर्यंत आहे.”

“येतील तसे?”

“हुबेहूब. माझा धंदाच आहे तो.”

सासऱ्यांनी विचार केला. मोह झाला नाही असं नाही. हात एकदा फोटोकडे गेलाही.

“नको,” ते म्हणाले. “आमच्या खात्यात पुष्कळजण घरी बसून मीटर भरायचे. अंदाजानं. बरोबरही यायचे कित्येकदा. मी कधी भरला नाही.”

“पण बाबा, ठिपके तर खरे होते!”

“होते ना. म्हणून तर.”

फोटोवाल्याने शेवटी चिटणिसाला फोन लावला.  “साहेब, चूक झाली. फोटो बदलून देतो, म्हणजे, तुम्ही स्वतः येऊन फूल पाहा ना. आत्ता. फूल आहे अजून, थोडं आहे.”

“अहो, फोटो कसला बदलता!” चिटणीस म्हणाला. “इतका सुंदर फोटो आमच्या मंडळात कुणी पाठवला नव्हता. काय तो रंग! काय तो तपशील! समिती खूश आहे. तुम्ही निर्धास्त राहा.”

“पण त्यात ठिपके—”

“एक डाग नाही हो! तेच तर म्हणतोय.”

फोन ठेवून फोटोवाला गच्चीत गेला. फुलाचं देठ आता वाकून कुंडीच्या काठावर टेकलं होतं. तांब्याभर पाणी आणलं. घातलं. थोडा वेळ पाहत बसला. आणखी एक तांब्या घातला. सासरे आत आडवे झाले होते, तोंड भिंतीकडे, तेव्हा “खबरदार” म्हणणारं कुणी नव्हतं. पुढचे कितीतरी दिवस तो स्टुडिओ उघडायच्या आधी आणि बंद केल्यावर वर जायचा आणि कुंडीत पाणी घालायचा. फूल कधीच गळून गेलं होतं. बायको एकदा म्हणाली, “पुरे आता.” तो म्हणाला, “एवढंच.” आपण काहीतरी करतोय असं वाटायला दुसरं काही त्याच्या हाताशी नव्हतं.

कंद कुजला. सासऱ्यांनी बोटाने माती उकरून पाहिलं, बोट नाकाला लावलं, आणि हात धुवायला गेले.  संध्याकाळी फक्त चहा पिताना म्हणाले, “ठिपके, ती कुंडी रिकामी झाली. कोथिंबीर लाव.”

फोटोवाल्याने दुसरी पाटी काढून ठेवली. त्या आठवड्यात तिघे जण पाटी नाही म्हणून दारातूनच परत गेले. चौथ्या गिऱ्हाइकाच्या वेळी त्याने ती पुन्हा लावली. भिंतीवरचा लग्नाचा फोटो मात्र त्याने उतरवला आणि बायकोचा नवा काढायचं ठरवलं, आहे तसा, ठिपक्यांसकट. तिने आरशात पाहून नाकावर पावडर लावली आणि मग ती बसली.

मंडळाचा निर्णय यथावकाश आला. अर्जात वर्णन केलेले तपकिरी ठिपके छायाचित्रात आढळत नाहीत, सबब ‘ठिपकी’ हे नाव व नोंद नामंजूर. मात्र छायाचित्र रंग व तपशील या दोन्ही दृष्टींनी आदर्श असल्याने ते वार्षिक पुस्तिकेत ‘साधा पिवळा, सर्वत्र आढळणारा’ या जातीचा नमुना म्हणून छापण्यात येत आहे.

पुस्तिका त्या वर्षी काळ्या-पांढऱ्या रंगात छापली होती.